आधी झिरो बघायचा, मग स्केल लावायची

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही कराडजवळ राहतो, मी घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते, मिस्टर साखर कारखान्यात आहेत. मुलगी तिसरीला, मराठी शाळेत, आणि मुलगा साडेचार वर्षांचा, अंगणवाडीत जातो. मुलीचे पाढे पाठ आहेत, बेरीज-वजाबाकी पण चांगली आहे, पण परवाच्या चाचणीत दोन गणितं अशी चुकली की मला कळेचना. एकात पेन्सिल स्केलने मोजून लांबी लिहायची होती, ती ७ सेंमी होती आणि हिने ८ लिहिलं. दुसऱ्यात फुलांचा चित्रालेख होता, वर लिहिलेलं की एक चित्र म्हणजे ५ फुलं, सोमवारच्या रांगेत ४ चित्रं होती, तर २० च्या जागी हिने सरळ ४ लिहून टाकलं. मी दिवसभर गळ्यात टेप घालून असते आणि माझ्याच पोरीला मोजता येत नाही याचं फार वाईट वाटतं. मिस्टर म्हणतात ग्राफ-बिफ पुढच्या वर्गात येतंच, आत्तापासून कशाला तिचं डोकं खातेस. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी शेर-पायलीत सगळं भागायचं. शेजारची म्हणते अबॅकसला घाल. मोबाईलवर वर्कशीटचं एक ॲप बघून ठेवलंय, वर्षाचे पैसे एकदम भरावे लागतात. काय करू? आणि धाकट्याला आत्तापासून यातलं काही शिकवायचं का?
— एक आई, कराड

उत्तर: ताई, ॲपचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. अबॅकसचं पण राहू द्या, तो क्लास वाईट असतो असं नाही, पण तिथे भराभर बेरजा-वजाबाक्या करायला शिकवतात आणि त्या तर तुमच्या लेकीला येतातच की, म्हणजे म्हशीला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन. तुम्हाला जे सामान लागणारे ते सगळं तुमच्या मशीनच्या आजूबाजूलाच पडलंय, टेप, खडू, बटणांचा डबा, उरलेल्या चिंध्या. ज्या घरात दिवसभर काही ना काही मोजलं जातं त्या घरातल्या पोरांना हे शिकवणं सगळ्यात सोपं, फक्त अडलंय कुठे ते नीट बघायला पाहिजे.

आता ते ७ चं ८ कसं झालं ते बघू. ८ हे उत्तर दोन वेगळ्या वाटांनी येतं. एक म्हणजे पोरगी पेन्सिलीचं टोक स्केलवरच्या १ च्या रेघेला लावते, कारण मोजायला आपण एकापासूनच सुरुवात करतो ना, शून्य-एक-दोन असं कोण मोजतं, आणि मग दुसरं टोक जिथे आलं तिथला आकडा वाचते, ८. दुसरी वाट अशी की ती पेन्सिल अगदी बरोबर ० वर लावते पण नंतर बोट ठेवून ठेवून रेघा मोजत जाते, शून्याची रेघ धरून, आणि ० ते ७ मध्ये रेघा आठ असतात. पेपरवर दोन्ही चुका सारख्याच दिसतात, साठ-सत्तर पेपर तपासणाऱ्या बाईंना त्यातलं काय कळणार, पण औषध दोन्हीला वेगळं लागतं. म्हणून आज संध्याकाळी तिच्या हातात पेन्सिल आणि स्केल द्या, "कसं मोजलंस ते दाखव बरं" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. "अगं असं नाही" म्हणायचं नाही, हात पुढे करायचा नाही. आयांना हे फार जड जातं मला माहितेय.

तरी नक्की कळलं नाही तर तुटकी स्केल शोधा, शाळेत जाणारं पोर असलेल्या घरात एक तरी तुटकी स्केल सापडतेच. समजा ती ३ पासून पुढे शिल्लक आहे, तर त्याच पेन्सिलीची लांबी तिच्यावर मोजायला सांगा, पेन्सिल ३ पासून १० पर्यंत येईल. पोरगी १० म्हणाली तर ती नुसता शेवटचा आकडा वाचतेय. ८ म्हणाली तर रेघा मोजतेय. ७ म्हणाली तर तिला मोजणं कळलंय आणि चाचणीत नुसता धांदरटपणा झाला, मग एवढं टेन्शन घ्यायचं कारणच नाही. आणखी एक गंमत बघा, सापशिडी खेळताना सोंगटी ५ वर असेल आणि फाशावर ३ पडले तर ती ५ च्या घरालाच "एक" म्हणते का? म्हणत असेल तर रोग तोच आहे, मधल्या उड्या मोजायच्या सोडून ती घरं मोजतेय.

रेघा मोजणाऱ्या पोरीला स्केल काही दिवस देऊच नका, स्केल तिला स्वतःला बनवू द्या. जाड कागदाची पट्टी कापा, तुमच्या खडूच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा पण चालेल, आणि त्यावर एक-एक सेंटिमीटरच्या खुणा तुम्ही करून द्या. मग एक चौकट लाल, एक तशीच, परत एक लाल अशा तिला रंगवू द्या आणि आकडा एकही लिहायचा नाही. या पट्टीने पेन्सिल, खोडरबर, सुईचं पाकीट, धाकट्याचं पाऊल असं काय काय मोजत बसू दे, "सात चौकटी" असं उत्तर येईल आणि ते बरोबरच येईल, कारण रंगवलेली चौकट दिसते, रेघेसारखी निसटून जात नाही. चार-आठ दिवसांनी म्हणा, दरवेळी पहिल्यापासून मोजायचा कंटाळा येतो ना, मग आकडे लिहून टाकू. आता १ कुठे लिहायचा? बहुतेक पोरं आधी चौकटीच्या मधोमध लिहितात, लिहू द्या. मग अडीच चौकटींची एखादी चिंधी मोजायला दिली की गोंधळ उडतो आणि तीच म्हणते की आकडा चौकट संपते तिथे पाहिजे, म्हणजे एक पूर्ण झाली की १. आणि मग पट्टीच्या सुरुवातीच्या कडेला काय लिहायचं, तिथे तर अजून एकही चौकट झालेली नाही, म्हणून ०. हे तिच्या तोंडून आलं की स्केल परत हातात द्या, मग ती चुकायची नाही.

पेट्रोल पंपावर गेल्यावर नळी लावायच्या आधी तो पोरगा काय म्हणतो, "झिरो बघा ताई". आपण बघतो, नाही बघितला तर पहिल्याच्या गाडीतलं पेट्रोल आपल्या बिलात येईल. मोजण्याचं सगळं शास्त्र ह्या एका वाक्यात आहे असं माझं मत आहे, आणि तुमच्या पोरीच्या दोन्ही गणितांचा, मोजण्याच्या पण आणि आलेखाच्या पण, संबंध इथेच येतो. सुरुवात कुठून धरली, आणि एक म्हणजे केवढा धरला, ह्या दोन गोष्टी आधी विचारायच्या आणि मग आकडा वाचायचा. तिला दोन्ही ठिकाणी ही सवयच नाहीये, ती डायरेक्ट आकड्यावर उडी मारते. पाढे पक्के असलेल्या पोरांचं हे हमखास होतं, त्यांना उत्तराची घाई असते.

तुमच्या टेपबद्दल पण बोलायचंय, कारण थोडा घोळ तिथे असू शकतो. शिलाईच्या टेपला टोकाला पत्र्याची पट्टी असते आणि मापं अगदी त्या टोकापासून सुरू होतात, कड म्हणजेच शून्य. शाळेच्या प्लास्टिकच्या स्केलला तसं नसतं, आधी थोडी कोरी जागा सोडून मग ० ची रेघ येते. जन्मापासून टेप बघत आलेली पोरगी स्केलची कड टोकाला लावणारच. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तिलाच विचारा ह्यात वेगळं काय दिसतं. आणि तुम्ही इंचात मोजता, शाळा सेंटिमीटरमध्ये, तुमच्या टेपला एका बाजूला ६० इंच आणि मागे १५० च्या आसपास सेंटिमीटर असतील, तर तीच बाही दोन्ही बाजूंनी मोजून दाखवा, इंचात १० आणि सेंमीत साधारण साडेपंचवीस, बाही तेवढीच राहिली मग आकडा का वाढला? कारण एक इंच २.५४ सेंमीचा, म्हणजे मोजायचं माप लहान घेतलं की ते जास्त वेळा बसतं. हे तिसरीच्या पोरीला समजतं, अगदी सहज समजतं, फक्त हातात टेप पाहिजे. (सुताराकडे गेलात तर त्याच्या स्टीलच्या टेपचा टोकाचा हूक हलताना दिसेल, बिघडलाय असं वाटतं पण तो मुद्दाम ढिला असतो, त्याच्या स्वतःच्या जाडीएवढा पुढे-मागे होतो म्हणजे बाहेरून अडकवून मोजा नाहीतर आतून टेकवून मोजा, शून्य बरोबरच राहतो. पोरांना ही गोष्ट जाम आवडते.)

आता चित्रालेख. एक चित्र म्हणजे ५ फुलं हे वर लिहिलेलं तिने वाचलंच नसणार, किंवा वाचलं पण तिला ते का लिहिलंय तेच कळलं नसणार, आणि मला दुसरं जास्त खरं वाटतं. पोरांना आपण तयार आलेख समोर ठेवून "वाच" म्हणतो, आणि ज्याने आयुष्यात कधी आलेख काढलेला नाही त्याला तो वाचायला लावणं म्हणजे अवघडच. आधी काढायला लावा, वाचणं त्यातून आपोआप येतं.

बटणांचा डबा काढा. तिला म्हणा, कुठल्या रंगाची बटणं जास्त आहेत, मला या महिन्यात कुठली आणायला लागतील? हा प्रश्न खरा आहे, तुम्हाला खरंच आणायची असतात, पोरांना खोटा प्रश्न लगेच कळतो. ती बटणं रंगाप्रमाणे उभ्या रांगांत लावेल, सगळ्या रांगा खाली एका सरळ रेषेत टेकवायच्या, फरशीची सांध चांगली कामाला येते. लावल्यावर नक्की एक गडबड होणार. कोटाची मोठी काळी बटणं सहाच असली तरी त्यांची रांग शर्टाच्या दहा पांढऱ्या बटणांपेक्षा उंच दिसेल. धाकटा लगेच म्हणेल काळी जास्त! बरंच झालं, इथेच थांबा, आणि मोठीला विचारा की हा म्हणतो ते खरं का. मोजल्यावर पांढरी जास्त निघतात, मग दिसायला उंच का? मग ती स्वतःच काहीतरी उपाय काढेल, बहुतेक वहीच्या चौकटीच्या कागदावर एका घरात एकच बटण, मोठं असो की छोटं, घर मात्र सगळ्यांना सारखं. झाला आलेख. बटणं उचलून त्या घरात रंग भरला की पुढच्या वर्गातला स्तंभालेख पण झाला, मिस्टरांना दाखवा. फक्त बटणं धाकट्याच्या हाती देताना तुमचं लक्ष असू द्या, या वयात तोंडात जातात.

"एक चित्र म्हणजे पाच" याला मात्र बटणं पुरत नाहीत, त्याला मोठा आकडा लागतो आणि तो तुमच्या दारातून जातोय की. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रांग लागते, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या. संध्याकाळी अर्धा तास ओट्यावर बसून मोजायला सांगा. गाड्या थांबत नाहीत त्यामुळे आकडा लिहायला वेळ मिळत नाही, एक गाडी एक रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावर तिरकी, शाळेत याला ताळ्याच्या खुणा म्हणतात आणि त्या कशासाठी असतात हे त्या ओट्यावर दोन मिनिटांत कळतं. मग घरात येऊन चित्रालेख काढायचा, आणि इथे तुम्ही अजिबात मदत करायची नाही. तिला प्रत्येक ट्रॅक्टरचं चित्र काढू द्या. सहा-सात ट्रॅक्टर चाकांसकट काढून होतील, हात दुखायला लागेल, कागद संपेल, ती कुरकुर करेल, करू दे, थोडा कंटाळा येऊ दे. मग विचारा काय करता येईल. "एकच काढू आणि त्याला पाच म्हणू" हे एकदा तिच्या डोक्यातून निघालं ना, की पुढच्या चाचणीत वर काय लिहिलंय ते ती आधी वाचेल, कारण ती ओळ कशासाठी असते ते तिला आता आतून माहीत आहे. नाहीच सुचलं तर दहाची नोट दाखवा, तिला ती एक रुपया म्हणत नाही ना, नोट एक पण रुपये दहा. आणि सत्तावीस ट्रॅक्टर झाले तर? पाच चित्रं आणि वर दोन उरले, त्याचं काय करायचं यावर घरात वाद होऊ द्या, मजा येते.

आलेख झाला की प्रश्न विचारायचे, पण नुसतं "ट्रक किती" विचारून सोडून देऊ नका, ते कोणीही सांगतं. "बैलगाड्यांपेक्षा ट्रॅक्टर कितीने जास्त" हा खरा अडणारा प्रश्न आहे, पोरं हमखास ट्रॅक्टरचा सगळा आकडा सांगतात, कारण त्यांना "जास्त" ऐकू येतं आणि "कितीने" ऐकूच येत नाही. तेव्हा वजाबाकी करून दाखवायची नाही, बैलगाडीच्या रांगेच्या टोकावर आडवी पट्टी ठेवायची आणि पट्टीच्या वर ट्रॅक्टरची किती घरं डोकावतात ते मोजायचं. तुम्ही दोन बाह्या एकावर एक ठेवून कुठली लांब झाली ते बघता तसंच आहे हे. त्यानंतर विचारा की उद्या याच वेळेला बसलीस तर काय दिसेल, रविवारी काय होईल, आणि या आलेखावरून कुठली गोष्ट सांगता येणार नाही. रात्री किती गाड्या गेल्या ते यात आहे का? नाही. हे तिसरीच्या वयात कळलेलं फार बरं असतं.

मिस्टरांचं म्हणणं की पुढे येतंच. येतं हो, पण ते घरात आधीच आलंय त्याचं काय? तुमच्या धाकट्याचं अंगणवाडीचं कार्ड काढा कपाटातून, त्यात वजनाचा तक्ता असतो, खाली वय महिन्यांत, बाजूला वजन किलोत, आणि हिरवा-पिवळा-केशरी पट्टा. अंगणवाडीच्या ताई दरवेळी वजन करून त्यात टिंब देतात. तो आलेखच आहे, आणि तो मुलाचा आहे म्हणून दोघा पोरांना त्यात भलताच इंटरेस्ट येईल. बोट खालच्या महिन्यावर ठेवायचं, सरळ वर न्यायचं, टिंबापाशी थांबायचं, तिथून डावीकडे जाऊन वजन वाचायचं, हा बोटाचा प्रवास एकदा जमला की रेषालेख वाचता येतो. फक्त चुलत-मावस भावंडांच्या वजनाशी तुलना नको. आणि हो, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीवरून आलेख काढायला देऊ नका हं, गल्लीत भांडणं लागतील.

पावसाळ्यात तर तुमच्याकडे विषयच तो असतो, कोयना किती भरली. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, लिटरमध्ये जवळजवळ २,८३० कोटी, पोरांना हे आकडे ऐकायला आवडतात पण समजायची गरज नाही. दर रविवारी पेपरमधून साठा बघून भिंतीवरच्या कागदावर एक उभी पट्टी रंगवायची, एक घर म्हणजे १० टीएमसी, पूर्ण धरण भरलं की साडेदहा घरं. जुलैमध्ये पट्ट्या कशा पटापट उंच होतात आणि पुढे कशा थांबतात ते तिला न सांगता दिसेल, आणि "बाबा या आठवड्यात किती झालं" असं तीच विचारायला लागेल, म्हणजे मिस्टर पण लागले कामाला.

कुठली मोठी घटना हवी असेल तर २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस घ्या, तुम्हाला आठवत असेल. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिमीच्या आसपास. एक घर म्हणजे १०० मिमी धरून दोन पट्ट्या काढायला सांगा, एक साडेनऊच्या जरा खाली जाते आणि दुसरी एक घर पण भरत नाही. मग एक घर १० मिमीचं धरून काढायला सांगा, चौऱ्याण्णव घरं, कागद पुरत नाही. कुठलं माप निवडायचं हे आपल्या हातात असतं आणि विचार करून निवडायचं असतं हे तिला तिथे कळेल.

आणि एक छोटा प्रयोग जरूर करा, माझा सगळ्यात आवडता आहे. दोन पट्ट्या कापा, एकीवर १० घरं आणि दुसरीवर ९. शेजारी उभ्या ठेवल्या तर थोडासाच फरक दिसतो. आता दोन्हींची खालची ८ घरं मागे दुमडून टाका. वर राहिली २ आणि १. एक दुसरीच्या दुप्पट! जाहिरातींमध्ये आणि निवडणुकीच्या वेळी टीव्हीवर असले आलेख सर्रास दाखवतात, खालचा भाग कापून टाकतात म्हणजे आपला स्तंभ आभाळाला टेकलेला आणि दुसऱ्याचा जमिनीवर. पोरीने एकदा हे स्वतःच्या हाताने दुमडून बघितलं की टीव्हीवर आलेख आला रे आला की ती ओरडते, खाली शून्य कुठंय! मोठ्या माणसांना पण हे येत नाही, तुमच्या मिस्टरांना आधी करून दाखवा आणि मग विचारा, पुढच्या वर्गापर्यंत थांबायचं का.

सासूबाईंना मात्र हसू नका, त्या तुमच्या घरातल्या सगळ्यात चांगल्या शिक्षिका आहेत. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी, दोन अडशिऱ्या म्हणजे पायली, सगळं दुपटीत. किलो-लिटरचा कायदा १९५६ ला झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने ती मापं आली, तरी खेड्यात पायली अजून वापरतातच. माळ्यावर ती जुनी मापं असतील तर खाली काढा आणि ज्वारी भरायला धाकट्याला बसवा. आजीला विचारा शीग लावून मोजायचं की हात फिरवून सपाट करून, दोघांत किती दाणे इकडचे तिकडे होतात, आणि घेताना एक आणि देताना दुसरं असं कोण करायचं, आजी सांगतील त्या गोष्टी. आणि मग मोठीला एक प्रश्न, ज्वारीची पायली आणि साळीची पायली, काट्यावर ठेवली तर वजन सारखं भरेल का? माप जागेचं आहे, वजनाचं नाही, साळ हलकी भरते.

साडेचार वर्षांच्या धाकट्याला आकडे आणि स्केल काही नको. त्याला दोन गोष्टी शेजारी ठेवून लांब कुठली आखूड कुठली, आणि शेजारी ठेवता येत नसतील, म्हणजे दार मोठं की पलंग, तर मध्ये दोरा वापरायचा, एवढं पुरे. दोरा तुमच्याकडे काय कमी आहे. खोलीची लांबी सगळ्यांनी आपापल्या पावलांनी मोजा, त्याची पावलं जास्त येतील आणि तो खूश होईल की मी जिंकलो, होऊ दे, मोठी विचार करेल की खोली एकच तर आकडे चार का. पावलं टाकताना मध्ये जागा सोडायची नाही आणि एकावर एक चढवायची नाही, हा नियम तेवढा दोघांना लावा. आणि उंच ग्लासातलं पाणी पसरट वाटीत ओतलं की तो म्हणेल कमी झालं. त्याला समजावत बसू नका. जाँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञांनी लहान पोरांवर हेच बघितलं होतं, साधारण सातव्या वर्षापर्यंत बहुतेक पोरांना उंची दिसली की तेवढंच दिसतं. परत ग्लासात ओतू दे, परत वाटीत, चार वेळा ओतू दे, अंगणात बसवा म्हणजे ओलं झालं तरी चालेल.

किती वेळ द्यायचा असं तुम्ही विचारलं नाहीये पण विचाराल, म्हणून सांगते, वेगळा वेळ काढूच नका. तुम्ही कापड बेतताना टेपचं दुसरं टोक तिला धरायला द्या आणि आकडा तिला वाचू द्या, चुकलं तर कापायच्या आधी तुम्ही बघणारच आहात. औषधाच्या बाटलीच्या झाकणावर ५ मिलीची खूण असते, तिथपर्यंत पाणी भरून डोळ्याच्या रेषेत धरून तिला वाचायला सांगा, वरून वाकून बघितलं की वेगळं दिसतं. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी आपल्या घरातल्या किती कपांत जाते, आधी अंदाज, मग ओतून. अंदाज आधी सांगायचा हे मात्र सोडू नका, चुकला तरी चालतो.

बाईंशी भांडायला जाऊ नका, मार्क दोनच गेलेत. त्यांना फक्त सांगा की पोरगी रेघा मोजते असं घरी लक्षात आलंय, वर्गातल्या आणखी निम्म्या पोरांचं तेच असेल, त्यांना उपयोग होईल.

स्केल नवीन घ्यायला लागली तर १५ सेंमीची पारदर्शक घ्या, खालचं दिसतं. काही स्केलवर ० छापलेलाच नसतो, नुसती रेघ असते आणि डायरेक्ट १ येतो, तसली नको. दुकानात उभं राहून तिलाच शोधू द्या की शून्य कुठल्या स्केलवर आहे.